फ्लेक्स लावू की स्क्रीन? दोन्ही लावा, पण कामं वाटून द्या

दुकान टाकणाऱ्या, हॉटेल काढणाऱ्या किंवा क्लास सुरू करणाऱ्या माणसाला हल्ली दोन फोन हमखास येतात. पहिला फ्लेक्सवाल्याचा, "दादा, दहा बाय वीस टाकू का, उद्या संध्याकाळपर्यंत लावून देतो." दुसरा एलईडीवाल्याचा, "सर, फ्लेक्स आता कोण बघतं, एकदाच खर्च करा आणि रोज नवीन जाहिरात चालवा." दोघंही खोटं बोलत नसतात, पण दोघंही अर्धंच सांगतात. त्यात १३ मे २०२४ ला घाटकोपरला ते अवाढव्य होर्डिंग पडलं, नंतर ठिकठिकाणी तपासण्या झाल्या, सांगाडे उतरवले गेले, आणि तेव्हापासून "मोठा बोर्ड नकोच बाबा, सरळ स्क्रीन लावू" म्हणणारे वाढलेत. मी छपाईच्या लाइनमधला माणूस आहे, त्यामुळे माझा कल थोडा छापील बोर्डाकडे असणार हे धरूनच वाचा. तरी सांगतो, या दोघांत भांडण लावण्यात काही अर्थ नाही. दोघांची कामं वेगळी आहेत आणि गोंधळ होतो तो एकाचं काम दुसऱ्याला दिल्यामुळे.

आधी नावं कळू द्या

छापील बाजूला काय काय येतं? फ्लेक्स म्हणजे तो पीव्हीसीचा चकचकीत कापडासारखा बॅनर. व्हिनाइल म्हणजे मागे गोंद असलेलं स्टिकर, जे काचेवर किंवा सनबोर्डवर, म्हणजे फोमच्या हलक्या कडक शीटवर, चिकटवतात. एसीपी म्हणजे अॅल्युमिनियमच्या पत्र्यांत प्लास्टिक दाबून केलेल्या शीटवर उठावदार अक्षरं लावून केलेली दुकानाची पाटी, आत ट्यूब किंवा एलईडी पट्ट्या टाकून उजळणारा ग्लो साइन बोर्ड, दारात उभा करायचा स्टँडी, मॉलमध्ये छतावरून लटकणारे डँगलर, हे सगळं छापील.

डिजिटल बाजूला मुख्य तीन प्रकार. एक, टीव्हीसारखा दिसणारा पॅनल, जो हॉटेलात मेनू दाखवायला किंवा बँकेत व्याजदर दाखवायला लावतात. दोन, चौकातली मोठी एलईडी वॉल, जी छोटे छोटे चौकोनी तुकडे जोडून बनते. तीन, ती लाल अक्षरं सरकणारी पट्टी, मेडिकलपासून पतसंस्थेपर्यंत सगळीकडे दिसणारी. रस्त्यावरच्या डिजिटल जाहिरातीला धंद्यातले लोक डीओओएच म्हणतात. कोटेशनवर हा शब्द दिसला तर बिचकू नका, म्हणजे घराबाहेर दिसणारी स्क्रीनवरची जाहिरात, बस.

पेट्रोल पंपाने हे कधीच सोडवलंय

१६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे भाव रोज बदलायची पद्धत आली, त्याआधी पंधरवड्याला बदलायचे. आता विचार करा, पंपाबाहेरच्या उंच खांबावर कंपनीचं नाव, चिन्ह, रंग हे सगळं कायमचं बनवलेलं असतं, आणि बदलतात ते फक्त भावाचे आकडे, म्हणून तेवढेच एलईडीचे. अख्खा खांब स्क्रीनचा करायची गरज कुणाला वाटली नाही. जे वर्षानुवर्षं तेच राहणार ते पक्कं, जे उद्या सकाळी बदलणार ते उजेडाचं.

रेल्वे स्टेशनवर पण तेच. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरात "दादर" कायमचं लिहिलेलं, आणि पुढची लोकल फास्ट की स्लो, किती डब्यांची, किती मिनिटांत, हे इंडिकेटरवर. इंडिकेटर बंद पडला तर वैताग होतो, पण आपण कुठल्या स्टेशनवर उतरलोय हे तरी कळतं. उलटं करून बघा, स्टेशनचं नावच स्क्रीनवर असतं आणि नेमकी तेव्हा लाइट गेली असती तर?

सराफ पेढीतही बघा, पेढीचं नाव दर्शनी भागावर धातूच्या अक्षरात आणि आत काउंटरमागे आजचा २२ आणि २४ कॅरेटचा भाव छोट्या डिजिटल बोर्डावर. सोन्याचा भाव दिवसात बदलू शकतो, पेढीचं नाव दोन पिढ्या बदलत नाही. एवढं एक सूत्र डोक्यात ठेवलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात: न बदलणारं छापा, बदलणारं स्क्रीनवर टाका.

मग सगळंच स्क्रीनवर का नको? तिथे दोन्ही दिसेल की

हा प्रश्न हमखास येतो आणि याचं उत्तर गणितात आहे, म्हणून थोडं गणित करू.

चौकातल्या एलईडी वॉलवर तुमची जाहिरात एकटी नसते. समजा सहा जणांच्या जाहिराती आहेत आणि प्रत्येकाला १० सेकंद, म्हणजे एक फेरी ६० सेकंदांची. या फेरीला लूप म्हणतात. आता ताशी ४० किमीने बाइकवर येणारा माणूस सेकंदाला साधारण ११ मीटर पुढे जातो. बोर्ड त्याला ६० मीटरवरून वाचता येत असेल तर त्याच्याकडे साडेपाच सेकंदच आहेत. या साडेपाच सेकंदांत तुमची जाहिरात थोडीशी तरी दिसण्याची शक्यता चारात एक, आणि पूर्ण वेळ तुमचीच दिसण्याची शक्यता तर शंभरात आठच्या आसपास. म्हणजे तिथून गेलेल्या चारपैकी तीन जणांनी तुमचं नाव बघितलंच नाही, आणि विकणारा मात्र तुम्हाला सांगणार की चौकातून रोज इतकी हजार माणसं जातात. माणसं जातात हो, पण दुसऱ्याची जाहिरात बघत जातात. त्याच जागी छापील बोर्ड असता तर तो सगळ्यांना, सगळा वेळ, तुमचाच दिसला असता.

पण तोच चौक सिग्नलचा असेल आणि माणूस मिनिट-दीड मिनिट थांबत असेल, तर गणित पूर्ण उलटतं. अख्खा लूप त्याच्या डोळ्यासमोरून जातो, वरून हलणारं चित्र असल्याने नजर तिकडेच. म्हणून जागा घेताना "किती लोक जातात" यापेक्षा "किती वेळ थांबतात" हे विचारा. चालत्या रस्त्यावर छापील भारी, थांबलेल्या माणसापुढे स्क्रीन भारी. लिफ्टबाहेर, बिलिंगच्या रांगेत, डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये, पार्सलची वाट बघताना, हे सगळे स्क्रीनचे खरे इलाके.

दुसरी गोष्ट विजेची. समजा १० बाय ६ फुटाची बाहेरची एलईडी आहे, म्हणजे साडेपाच चौरस मीटरच्या वर थोडी, आणि चौरस मीटरला सरासरी २५० वॅट धरले तर साधारण १.४ किलोवॅट. दिवसाला १२ तास चालवली की १७ युनिट, महिन्याला ५०० युनिट. आता तुमच्या कमर्शियल मीटरचा दर लावून बघा. फ्लेक्सचा भाव चौरस फुटाला रुपयांत सांगतात, एलईडीचा हजारात, आणि ते हजार भरून झाल्यावरही हे बिल दर महिन्याला येतच राहतं. धंदा तेवढा असेल तर जरूर लावा, पण "एकदाच खर्च" हे वाक्य मात्र ऐकून सोडून द्या.

तिसरी, दुकानाचं नाव. आपल्याकडे दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत लागते आणि इतर लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झालं, आणि २५ सप्टेंबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा किती धावपळ झाली ते आठवत असेल. नाव ही सतत दिसायचीच गोष्ट आहे, ते सरकत्या पट्टीवर सोडू नका. पक्कं करून लावा आणि मोकळे व्हा.

पी१०, पी४ म्हणजे नक्की काय?

एलईडीच्या कोटेशनमध्ये पी१०, पी५, पी२.५ असं लिहिलेलं असतं आणि समोरचा इतक्या झरझर बोलतो की विचारायची लाज वाटते. सोपं आहे. ठिपक्यांची रांगोळी डोळ्यासमोर आणा. ठिपके लांब लांब काढले तर मोठा मोर काढता येतो पण त्याचा डोळा नीट काढता येत नाही, आणि जवळ जवळ काढले तर बारीक नक्षीही येते, पण ठिपके काढायला वेळ आणि रांगोळी दोन्ही जास्त लागतं. एलईडीचं तेच आहे. पी१० म्हणजे दोन दिव्यांमध्ये १० मिलिमीटर अंतर, पी४ म्हणजे ४ मिलिमीटर. या अंतरालाच पिच म्हणतात. आकडा जितका लहान तितकं चित्र बारीक आणि तितका भाव जास्त.

किती बारीक घ्यायचं याचा ढोबळ नियम असा की जितके मिलिमीटर, तितक्या मीटरवरून तरी बघायला हवं. पी१० दहा मीटरच्या पलीकडून ठीक दिसतो, दोन मीटरवरून नुसते दिवे दिसतात. त्यामुळे दुकानाच्या आत पी१० लावणं चूक आणि हायवेवरच्या बोर्डाला पी२.५ लावणं म्हणजे पैसे जाळणं, कारण तेवढ्या लांबून डोळ्याला फरकच कळत नाही.

इथे मराठीची एक खास अडचण आहे जी माहितीपत्रकात लिहिलेली नसते. लाल पट्टीसाठी जो पी१० चा तुकडा वापरतात तो ३२ सेंटीमीटर रुंद, १६ सेंटीमीटर उंच, आणि त्यावर ३२ बाय १६ ठिपके. म्हणजे उंचीला फक्त १६ ठिपके. इंग्रजी कॅपिटल अक्षर त्यात आरामात बसतं. आपल्या अक्षराला मात्र वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रुकार, मग मधल्या मूळ अक्षराच्या वाट्याला येतात कसेबसे सात-आठ ठिपके. त्यात जोडाक्षर आलं की चिखल. "कृपया चौकशी करावी" ऐवजी काहीतरी लाल लाल सरकताना दिसतं ते यामुळेच. मराठी मजकूर चालवायचा असेल तर उंचीला दोन तुकडे घ्या, म्हणजे ३२ ठिपके मिळतात, नाहीतर बारीक पिच घ्या. पट्टी लांब घेण्यापेक्षा उंच घेण्यात पैसा घाला, हे माझं अगदी ठाम मत.

आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. एक म्हणजे उजेड, जो निट्समध्ये मोजतात. घरचा साधा टीव्ही ३०० निट्सच्या आसपास, बाहेर उन्हात टिकायला एलईडी ५००० च्या वर लागते. म्हणून घरचा टीव्ही काढून काचेत रस्त्याकडे तोंड करून ठेवला की दुपारी त्यात आपलंच तोंड दिसतं. शिवाय घरचा टीव्ही दिवसाला बारा-चौदा तास चालायला बनवलेला नसतो आणि दुकानात वापरला की वॉरंटी मिळणं अवघड होतं, बिल फाडण्याआधी अटी वाचा. आणि दिवसाचा तो ५००० चा उजेड रात्री तसाच ठेवला तर समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांची झोप जाते, गाडीवाल्याचे डोळे दिपतात, त्यामुळे आपोआप उजेड कमी करणारा सेन्सर आहे का बघा. दुसरी गोष्ट रिफ्रेश रेट, म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटतं ते. स्वस्त एलईडी डोळ्याला ठीक दिसते पण मोबाइलने शूट केली की काळ्या पट्ट्या पळतात. आजकाल उद्घाटनाचं रील आधी आणि गिऱ्हाईक नंतर, त्यामुळे घेण्याआधी स्वतःच्या मोबाइलने व्हिडिओ काढून बघाच.

स्क्रीनवर केशरी होतं, फ्लेक्सवर विटकरी कसं आलं?

हे आमच्या धंद्यातलं रोजचं भांडण. गिऱ्हाईक मोबाइलवर डिझाइन बघून ओके म्हणतं आणि फ्लेक्स हातात आल्यावर म्हणतं रंग चुकवला. चुकवला नसतो. स्क्रीन लाल, हिरवा, निळा उजेड मिसळून रंग बनवते. मशीन सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी शाई मिसळून बनवतं. उजेडाचे काही रंग शाईला जमतच नाहीत, विशेषतः भडक पोपटी, झगझगीत केशरी, विजेसारखा निळा. म्हणून ज्याला छापील आणि डिजिटल दोन्ही चालवायचंय त्याने ब्रँडचा रंग आधी छापून ठरवावा. फूटभराचा नमुना प्रिंट काढा, उन्हात नेऊन बघा, पसंत पडला की मग स्क्रीनवरचा रंग त्याच्याजवळ आणा. स्क्रीनला खाली उतरता येतं, शाईला वर चढता येत नाही.

काळ्याचं उलटं आहे. छापलेला काळा काळाच असतो. स्क्रीनवर काळा म्हणजे दिवा बंद, आणि भर दुपारी बंद दिव्यावर ऊन पडलं की तो राखाडी दिसतो. म्हणून फ्लेक्सचीच फाइल स्क्रीनला देऊ नका. तसंही फ्लेक्सवर तुम्ही नाव, पत्ता, फोन, चार फोटो आणि नेत्यांचे आशीर्वाद एकत्र बसवलेले असतात (यावर स्वतंत्र लेख होईल), ते स्क्रीनवर दहा सेकंदांत कुणाचा बाप वाचणार? स्क्रीनवर एका वेळी एक गोष्ट.

फॉन्टचं पण सांगून टाकतो. आपल्याकडे बरेच डिझाइनर कोरलड्रॉमध्ये श्रीलिपीचे जुने फॉन्ट वापरतात. छपाईला काही अडचण नाही, अक्षरं कर्व्हज करून, म्हणजे त्यांच्या नुसत्या आकृत्या करून टाकल्या की संपलं. पण तोच मजकूर कॉपी करून स्क्रीनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की अगम्य चिन्हं येतात, कारण ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या सॉफ्टवेअरला कळणाऱ्या पद्धतीचे, नसतात. आणि युनिकोड टाकलं तरी एलईडीचे स्वस्त कंट्रोलर वेलांटी चुकीच्या जागी टाकतात, जोडाक्षरं फोडतात. यावर खात्रीचा उपाय एकच, मजकूर टाइप करून न देता इमेज किंवा व्हिडिओ बनवून द्या. इमेजमधली वेलांटी कुणी हलवू शकत नाही.

दोघांना जोडतो तो क्यूआर

छापील बोर्डाची मोठी उणीव म्हणजे तो एकदा छापला की गप्प. किती जणांनी बघितला, बघून कोण आलं, काही कळत नाही. क्यूआर कोड ही उणीव थोडी भरून काढतो. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीने गाड्यांच्या पार्ट्सवर लावायला तो बनवला, आपल्याकडे यूपीआयमुळे तो भाजीच्या गाडीपर्यंत पोचला, त्यामुळे "लोकांना स्कॅन करता येत नाही" ही सबब आता राहिली नाही.

पण छापताना काही गोष्टी पाळाव्या लागतात. आकार: जितक्या लांबून स्कॅन करायचाय त्याचा दहावा भाग तरी हवा. एक मीटरवरून, तर १० सेंटीमीटर. रस्त्यापलीकडून, म्हणजे दहा मीटरवरून, तर एक मीटरचा कोड. आणि धावत्या गाडीतून कुणी स्कॅन करत नाही, करूही नये, म्हणून हायवेच्या होर्डिंगवर कोपऱ्यात टाकलेला क्यूआर हा निव्वळ शोभेचा. तो स्टँडीवर, टेबलवर, काचेवर, बिलिंगजवळ हवा. कोडभोवती पांढरी मोकळी जागा सोडा, डिझाइनर मंडळी तिथे हमखास फुलं काढतात. हलक्या पार्श्वभूमीवर गडद कोड, उलटं नको. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबचा उजेड पडला की स्कॅन होत नाही, तिथे मॅट घ्या.

कोडचे दोन प्रकार असतात हे बहुतेकांना माहीत नसतं. स्थिर कोडमध्ये माहिती त्या चौकोनांतच कोरलेली, ती बदलत नाही. बदलता कोड एका छोट्या लिंककडे जातो आणि ती लिंक पुढे कुठे न्यायची हे तुम्ही नंतरही बदलू शकता. छापील बोर्डावर बदलता कोड भारी, कारण फ्लेक्स तोच ठेवून गणपतीत मोदकांचा मेनू आणि दिवाळीत फराळाचा मेनू उघडता येतो. छापील आणि डिजिटल जोडणं म्हणतात ते हेच, त्यासाठी लाखाची स्क्रीन लागतेच असं नाही, समोरच्याच्या हातात स्क्रीन आहेच. फक्त सावध राहा, फुकट म्हणून एखाद्या साइटवर बनवलेला बदलता कोड काही दिवसांनी पैसे मागतो, नाही दिले तर बंद पडतो, आणि तोवर तुमचे दोनशे स्टिकर लागून गेलेले असतात. स्वतःच्या वेबसाइटच्या पत्त्यावरून लिंक फिरवता येत असेल तर ते सगळ्यात सुरक्षित.

आणि प्रत्येक जागेला वेगळा कोड द्या. एसटी स्टँडवरचा बोर्ड एक, कॉलेजसमोरचा दुसरा, वर्तमानपत्रातलं पत्रक तिसरं. सगळे एकाच पानावर जाऊ देत, पण कुठून किती आले ते कळतं, आणि पुढच्या वर्षी कुठला बोर्ड बंद करायचा हे भांडण न करता ठरतं. पैसे घ्यायच्या क्यूआरवर मात्र रोज नजर ठेवा, वरून दुसऱ्याचं स्टिकर चिकटवायचे प्रकार होतात.

"लोक मोबाइलमध्येच असतात, मग बोर्ड हवाच कशाला?"

मोबाइलवर जाहिरात दाखवायला दर वेळी पैसे मोजावे लागतात आणि बोटाने ती सरकवून टाकता येते. बोर्ड सरकवता येत नाही. शिवाय आपल्या छोट्या धंद्यांचं गिऱ्हाईक दोन-तीन किलोमीटरच्या परिघातलंच, ते रोज त्याच रस्त्याने जातं, आणि गरज लागली की त्याला "ते अमुक चौकातलं दुकान" आठवतं. मॅपवर शोधून आलेल्या माणसालाही शेवटी मान वर करून पाटीच शोधावी लागते. मॅपवर नाव वेगळं आणि पाटीवर वेगळं असेल तर तो फोन करून विचारतो, किंवा शेजारच्या दुकानात शिरतो. त्यामुळे नाव, रंग, फोन नंबर सगळीकडे एकच ठेवा.

वारा, वजन आणि परवानगी

घाटकोपरच्या छेडानगरला पडलेलं होर्डिंग जवळपास १२० बाय १२० फुटांचं होतं, मुंबईत महापालिकेची मर्यादा ४० बाय ४०. ऐकायला तिप्पट वाटतं, पण क्षेत्रफळ काढा, १६०० आणि १४४०० चौरस फूट, म्हणजे नऊपट. वाऱ्याचा दाब क्षेत्रफळावर पडतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. १७ माणसं गेली त्यात. त्याआधी ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यात जुन्या बाजाराजवळ सांगाडा काढताना पडून आणि एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्याला वादळात पडूनही जीव गेलेत.

स्क्रीन लावली की हा धोका टळतो असं नाही, उलट एक नवीन धोका येतो. फ्लेक्सच्या कापडाला वजन असं फार नसतं, चौरस मीटरला अर्धा किलोच्या आत. बाहेरच्या एलईडीच्या लोखंडी कॅबिनेटचं वजन चौरस मीटरला ४० किलोच्या घरात जाऊ शकतं. त्यामुळे जुन्या फ्लेक्सच्या अँगलवरच एलईडी बोल्ट करतो म्हणणाऱ्याला सरळ नाही सांगा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सांगाडा तपासून घ्या. वायरिंग, अर्थिंग, पावसाळ्यात पाणी कुठून शिरेल, हे सगळं त्यातच आलं.

परवानगी दोन्हीला लागते. महानगरपालिका अधिनियमात कलम २४४ आणि २४५ यासाठीच आहेत, पुण्यात आकाशचिन्ह व परवाना विभाग हे बघतो, तुमच्याकडे खातं वेगळ्या नावाचं असेल. "सगळ्यांचे आहेत की लावलेले" हा युक्तिवाद बोर्ड पडेपर्यंतच चालतो.

फ्लेक्स पर्यावरणाला वाईट ना?

वाईटच आहे, यात काही वाद नाही. पीव्हीसी कुजत नाही आणि जाळलं तर विषारी धूर होतो. १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ अशा प्लास्टिकच्या किंवा पीव्हीसीच्या बॅनरवर देशभर बंदी आहे, नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड असल्याने त्यातून सुटतो, पण सुटला म्हणून चांगला झाला असं नाही. केरळने २०१९ मध्ये फ्लेक्सवरच बंदी घातली. इथेच कामं वाटून देण्याचा खरा फायदा होतो. आपल्याकडचा सगळ्यात जास्त कचरा दुकानांच्या पाट्यांचा नसतो, तो चार दिवसांच्या बॅनरचा असतो: सेल, वाढदिवस, शुभेच्छा, निकाल. हा सगळा बदलणारा मजकूर, म्हणजे स्क्रीनचा किंवा फळ्यावर खडूने लिहायचा. कायमची पाटी एसीपीची करा, दहा वर्षं हात लावायला नको. मधल्या कामाला कापडी बॅनर मिळतात, थोडे महाग पडतात. अर्थात स्क्रीनही काही हवेतून येत नाही, ती वीज खाते आणि शेवटी ई-कचरा होते, म्हणून गरजेपुरतीच.

मग छोट्या दुकानाने काय करायचं?

पैसे मोजकेच असतील तर क्रम असा ठेवा. आधी चांगली पाटी, मोठी अक्षरं, रात्री उजळणारी. अक्षराची उंची किती? दहा फुटांवरून आरामात वाचायला एक इंच, म्हणजे शंभर फुटांवरून दहा इंच. घरात टेबलावर प्रिंट बघून हे कळत नाही. मग बिलिंगजवळ आणि दारात क्यूआर. त्यानंतर, आणि त्यानंतरच, आतमध्ये गिऱ्हाईक थांबतं तिथे एक पॅनल, बाहेर नाही. ४३ किंवा ५५ इंचाचा पुरतो, मोठ्या एलईडीच्या मानाने वीज किरकोळ लागते. मिसळ हाउस असेल तर सकाळी मिसळ आणि संध्याकाळी भजी-चहा असं वेळेनुसार आपोआप बदलता येतं, एखादा पदार्थ संपला तर लगेच काढता येतो. छापील मेनूवर स्टिकर चिकटवून किंमत वाढवलेली गिऱ्हाइकाला लगेच दिसते आणि खुपते, स्क्रीनवर ती नुसती बदलते.

स्क्रीन घेण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा, त्यावरचा मजकूर बदलणार कोण? विकणारा तर निघून जातो. मुलगा करेल म्हणता, तो पुण्याला कॉलेजला जातो. आणि मग संक्रांत उलटली तरी स्क्रीनवर दिवाळीच्या शुभेच्छा चालू असतात, त्यापेक्षा बंद बरी. आठवड्यातून एकदा अर्धा तास देणारा माणूस नक्की असेल तरच घ्या, नसेल तर एजन्सीशी महिन्याचं ठरवा आणि किती वेळा बदलून मिळेल ते लेखी घ्या.

आणि व्यवहार पूर्ण करताना दोन गोष्टी मागून घ्या. डिझाइनरकडून मूळ फाइल, नुसता जेपीजी नाही, म्हणजे उद्या दुसऱ्याकडे छापायला गेलात तर नाव परत पहिल्यापासून बनवायला लागणार नाही. आणि स्क्रीनवाल्याकडून सॉफ्टवेअरचं लॉगिन, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या नंबरवर, त्याच्या नाही. शेवटचा हप्ता हे दोन्ही हातात आल्यावर द्या.